भिंतीतला पिंपळ, डोंगरातला पिंपळ

भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या हाटात भाज्यांच्या रांगा विरळ होतात तिथे कडेला रोपवाले बसतात. तुळस, मोगरा, जास्वंद, काळ्या पिशव्यांतली पपई. गेल्या आषाढात त्यांच्यातल्या एकाकडे गोणपाटात गुंडाळलेलं एक खोड आडवं पडलेलं दिसलं. मनगटाहून जाड, वरून करवतीने सपाट कापलेलं. खाली मुळांचा चेपलेला पंजा, त्यात चुन्याचे पांढरे खडे अजून अडकलेले. कापाच्या कडेला तांबूस रंगाची दोनच पानं, नखाएवढी, पण शेपूट आत्ताच फुटलेली. पिंपळ. मी वाकून बघायला लागलो तसा रोपवाला म्हणाला, ‘‘दीवाल का है साहब, जंगल का नहीं।’’

मी जंगलाचं नावही काढलं नव्हतं. म्हणजे हा प्रश्न त्याला आधी कोणीतरी विचारलेला होता, बहुधा बऱ्याच जणांनी. बोन्सायसाठी रानातलं झाड उपटून आणावं का, आणायचं तर कुठलं, कधी आणि कुणाला विचारून, हा वाद पूर्वी प्रदर्शनांतल्या जाणत्या मंडळींपुरता होता. आता पहिलंच झाड घ्यायला निघालेल्या माणसापुढेही तो उभा राहतो. या वादाची आजची स्थिती काय आहे, ते इथे मांडतो आहे. मी स्वतः हौशी आहे आणि माझ्या हातून झाडं मेली आहेत, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

डोंगरातून आणलेलं

रानातून आणलेल्या झाडाला जपानी लोक ‘यामादोरी’ म्हणतात. यामा म्हणजे डोंगर, आणि ‘दोरी’ हे ‘घेणे’ या अर्थाच्या क्रियापदाचं रूप. मराठी कानाला मात्र त्यात सरळ दोरीच ऐकू येते, आणि गंमत म्हणजे इतिहासही त्या कानाची बाजू घेतो. शिकोकू बेटावरचा इशिझुची पर्वत आणि होन्शूवरचा इतोइगावाचा परिसर इथल्या कड्यांवर शिंपाकू जातीचा जुनिपर वाढायचा. वाऱ्याने पिळलेला, अर्धा वाळून पांढरा पडलेला, अर्धा हिरवा. तो काढायला माणसं दोर लावून कड्यावरून खाली उतरत. मेइजी काळाच्या अखेरीला ही झाडं शौकिनांच्या नजरेत भरली आणि पुढच्या काही दशकांत कडे रिकामे झाले. आज ‘इतोइगावा शिंपाकू’ म्हणून जे झाड विकलं जातं ते बहुतेक वेळा कलमाचं असतं, त्या जुन्या झाडांच्या फांद्यांपासून पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेलं.

याच शिकोकू बेटावर ताकामात्सु शहराजवळ किनाशी आणि कोकुबुंजी ही गावं आहेत. जपानमधल्या पाइनच्या बोन्सायांपैकी सुमारे ८० टक्के तिथून येतात. तिथलीही सुरुवात दोनेकशे वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या रानटी पाइनच्या झाडांना कुंडीत बसवण्यातूनच झाली. पुढे मात्र त्या शेतकऱ्यांनी भाताच्या शेताशेजारी वाफे केले आणि पाइन लावून वाढवायला घेतले. एकाच बेटावर दोन वाटा झाल्या. एक कड्यावर संपली, दुसरी शेतात रुजली. या वादात बोलणारा प्रत्येक जण, ठाऊक असो वा नसो, यांपैकी एका वाटेने चाललेला असतो.

रानातल्या झाडाचा मोह का पडतो, हे नवशिक्याला सांगावं लागत नाही. बियांपासून मनगटाएवढा बुंधा व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. डोंगरातल्या झाडावर हे काम वारा, उन्हाळा आणि शेळ्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं. शेळीने दर वर्षी शेंडा खाल्लेलं करवंदाचं झुडूप खाली जाड आणि वर बारीक होत जातं, आणि बोन्सायवाल्याला नेमकं तेच हवं असतं.

आपला डोंगर कोणता

जपानी पुस्तकं वाचून आपण डोंगराकडे बघतो, पण इथला यामा बहुतेक वेळा भिंतीत असतो. वड, पिंपळ, उंबर, पाकर (महाराष्ट्रात तिला पिंपरी म्हणतात) ही सगळी एकाच कुळातली झाडं. त्यांची फळं मैना, बुलबुल, तांबट आणि वटवाघळं खातात आणि बी विष्ठेतून जिथे पडेल तिथे उगवतं. गच्चीचा पन्हाळा, पुलाचा सांधा, जुन्या हवेलीच्या चुन्याच्या भेगा. तिथे माती नाही, पाणी चार महिनेच, वर उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे. जुन्या भोपाळात तलावाच्या बाजूच्या भिंती बघत चाललं की दहा-वीस वर्षं कमरेएवढेच राहिलेले पिंपळ दिसतात. त्यांना कुणी बुटकं केलेलं नाही, भिंतीने केलं.

दुसरी जागा म्हणजे विंध्यातले वालुकाश्माचे कातळ. केरवा, कलियासोत या बाजूला किंवा भीमबेटकाच्या वाटेवर खडकाच्या चिरेत अडकलेली झाडं दिसतात. मुळं दगडावरून मेणासारखी ओघळलेली आणि खोड वितळून परत गोठल्यासारखं. खरा मोह तिथे होतो आणि खरा घोळही तिथेच आहे, कारण ती जमीन कुणाची याचं उत्तर सोपं नसतं. त्याकडे पुढे येऊ.

तिसरी जागा रुबाबदार नाही, पण नवशिक्याच्या सगळ्यांत कामाची. जुन्या बंगल्यांची कुंपणं. अरेरा कॉलनीत बंगले पाडून मजले चढवणं चाललेलं असतं, आणि पहिल्याच दिवशी जेसीबी मेंदीचं किंवा कामिनीचं कुंपण उखडून मलब्यात टाकतो. तीस-तीस वर्षं कातरलेली ही झुडपं. बुंधा मनगटाएवढा, उंची कमरेएवढी. बोगनवेलीचंही तेच.

आणि चौथी जागा घाणेरीची. टणटणी म्हणा, लँटाना म्हणा, इकडचे लोक तिला रायमुनिया म्हणतात. बाहेरून आलेली, जंगल गिळणारी. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात वाघांचा वावर असलेल्या वनक्षेत्रापैकी ४० टक्क्यांहून अधिक भागात ही पसरली आहे, म्हणजे सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर. नीलगिरीत तिच्या काड्यांचे हत्ती करून विकतात. बोन्सायला ती उत्तम. पान लहान, फूल भरपूर, जुनं खोड खडबडीत, शिवाय कितीही छाटा, परत फुटते. ती उपटल्याचं दुःख फार कुणाला व्हायचं नाही.

आणावं म्हणणारे, आणू नये म्हणणारे

इथे चार बाजू दिसतात, आणि त्यांतले लोक नेहमी एकमेकांशीच बोलत असतात असंही नाही.

पहिली बाजू परंपरेची. तिचं म्हणणं, मोठी बोन्सायं रानातूनच आली आहेत. तारेने वाकवून केलेलं वळण आणि वाऱ्याने शंभर वर्षांत केलेलं वळण यांतला फरक जाणत्याला लांबूनही कळतो. जुनं झाड कुंडीत नीट सांभाळलं तर रानातल्यापेक्षा जास्त जगतं, हाही त्यांचा मुद्दा आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात यामाकी घराण्याने १९७६मध्ये दिलेला एक पाइन आहे. तो १६२५पासून कुंडीत वाढतो आहे असं मानतात. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो तिथेच, घराण्याच्या रोपवाटिकेत होता, आणि वाचला. ज्या झाडाला माणसाची इतकी पिढीजात सोबत मिळते त्याचं वाईट झालं म्हणणं अवघड आहे.

दुसरी बाजू निसर्ग राखणाऱ्यांची. त्यांचं उत्तर इशिझुचीच्या रिकाम्या कड्यांकडे बोट दाखवतं. कातळातलं झाड एकटं नसतं. त्याच्या ढोलीत कुणाचं घर असतं, उंबराच्या फळावर कितीतरी पाखरं पोसतात, मुळं दगडाची माती धरून ठेवतात. ते झाड तिथे यायला पन्नास वर्षं लागली, उपटायला अर्धा तास लागतो. त्यातून नवशिक्यांनी उपटलेल्यांपैकी बरीच मरतात. म्हणजे जुन्यातलं जुनं झाड सगळ्यांत अननुभवी माणसाच्या हातात जातं. या युक्तिवादाला पहिल्या बाजूकडून मला अजून पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

तिसरी बाजू ‘वाचवणाऱ्यां’ची, आणि आज सर्वांत वेगाने वाढते आहे ती हीच. भिंतीतला पिंपळ आज ना उद्या कुणीतरी तोडणार, वर रसायन ओतणार. रस्ता रुंद होताना कडेची झुडपं जाणारच. मग ती आपण का नेऊ नयेत? हाटातल्या रोपवाल्याचं वाक्य याच बाजूचं होतं. ऐकायला हे निर्दोष वाटतं, पण त्याची एक बाजू भोपाळने नुकतीच बघितली. जून २०२४मध्ये शिवाजीनगर आणि तुलसीनगर भागातली सुमारे २९ हजार झाडं काढून मंत्री-आमदारांसाठी घरं बांधायचा प्रस्ताव होता. लोक रस्त्यावर आले, बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि सरकारने प्रस्ताव मागे घेतला. त्या आठवड्यांत कुणी ‘ही जाणारच’ म्हणून कुदळ घेऊन पोहोचला असता तर त्याने वाचणारी झाडं उपटली असती. मरणार म्हणून ठरवलेलं झाड मरेलच असं नसतं. त्यातून ‘वाचवलेलं’ ही बाजारातली पाटी झाली की मागणी वाढते, आणि पाटी लावायला झाडं कमी पडली तर ती कुठून येतील, याचा विचार ही बाजू फारसा करत नाही.

चौथी बाजू म्हणते, हा वादच नवशिक्याचा नाही. त्याने कलम करावं. वड, उंबर, पाकर यांच्या अंगठ्याएवढ्या जाड फांदीला पावसाळ्याच्या तोंडी गुटी बांधली, म्हणजे साल वर्तुळाकार काढून तिथे ओलं शेवाळ आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळलं, तर महिना-दीड महिन्यात मुळं दिसू लागतात. झाड जागच्या जागी राहतं, आपल्याला जाड रोप मिळतं आणि त्याची मुळं चहूबाजूंनी सारखी पसरलेली असतात. रानातल्या झाडात ही शेवटची गोष्ट क्वचितच सापडते. नाहीतर सरळ नर्सरीतून घ्यावं. शहरांतल्या नर्सऱ्यांत ‘बोन्साय’ म्हणून रताळ्यासारखी फुगलेली मुळं दाखवत जो फायकस उभा असतो, त्याच्यावर जाणते नाक मुरडतात, पण तो मरत नाही, आणि पहिल्या वर्षी हे फार मोलाचं असतं. इकडच्या नर्सऱ्यांचा बराच माल आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याजवळच्या उरुळी-लोणीच्या पट्ट्यातून येतो, आणि तिथे रोपं वाढवली जातात, रानातून खोदली जात नाहीत.

या चौघांच्या बाहेर आणखी एक आवाज आहे, जो बोन्सायलाच विरोध करतो. वाढू पाहणाऱ्या जिवाला कोंडणं, तार गुंडाळणं हा छळ आहे, असं त्यांचं म्हणणं. मराठीत तर खुंटलेल्या माणसाला आपण ‘त्याचं बोन्साय झालं’ म्हणतो, त्यामुळे हा आक्षेप भाषेतच रुजला आहे. वास्तूवाले घरात खुंटलेलं झाड नको म्हणतात, आणि पिंपळ तर मुळीच नको, मुंजा राहतो म्हणून. झाडाला वेदना होतात का, या प्रश्नात मी इथे शिरत नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि रानातून आणलं की नर्सरीतून, याने त्याचं उत्तर बदलत नाही.

कायदा काय म्हणतो

हौशी लोक सर्वांत कमी बोलतात ते इथे. १९२७च्या भारतीय वन कायद्यात ‘वनोपज’ या शब्दाचा पसारा मोठा आहे. लाकूड तर त्यात येतंच, पण जंगलात सापडलेली किंवा तिथून आणलेली झाडं, पानं, फुलं, वेली, शेवाळ, एवढंच काय पण वरची माती आणि दगडही त्यात येतात. म्हणजे कुंडीत शोभेला म्हणून उचललेलं शेवाळ आणि त्याखालचा खडकाचा तुकडा हे दोन्ही वनोपज. मध्य प्रदेशातल्या माणसाला याचं नवल वाटू नये. तेंदूच्या पानाचा व्यापार इथे १९६४पासून कायद्याने सरकारच्या हातात आहे. ज्या राज्यात विडीचं पान मोजून घेतात तिथे मुळासकट झाड मोकळं कसं असेल?

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं कुंपण आहे. भोपाळच्या तलावाकाठचं वनविहार १९८३पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि रातापानीला डिसेंबर २०२४मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भीमबेटका त्याच वनपट्ट्यात येतं, आणि तिथले कातळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, तेव्हा तिथल्या चिरेतल्या झाडावर दोन-दोन कायदे बसलेले आहेत. ज्या जमिनीला कागदावर वन म्हटलेलं नाही तिचं काय, तर १२ डिसेंबर १९९६च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ शब्दाचा शब्दकोशातला अर्थ धरायला सांगितला. म्हणून ‘तिथे वन खात्याची पाटी नव्हती’ हा बचाव फार टिकणारा नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क दिले ते जंगलात राहणाऱ्यांना. रविवारी गाडी घेऊन गेलेल्या आमच्यासारख्यांना दिलेले नाहीत.

शहरात मध्य प्रदेशचा २००१चा नागरी वृक्ष संरक्षण कायदा आहे, महाराष्ट्रात १९७५चा. दोन्हीत झाड तोडायला परवानगी लागते. भिंतीतला फूटभर पिंपळ त्यात ‘झाड’ ठरतो का, यावर हौशी लोकांत एकमत नाही, आणि कुणी लेखी विचारायला जातं असंही दिसत नाही. खाजगी भिंत असेल तर मालकाची लेखी संमती घेतली की बराच प्रश्न सुटतो. संरक्षित वास्तूची भिंत असेल तर मात्र तिथे छिन्नी लावायची नाही, पिंपळ कितीही देखणा असो. झाडाबरोबर चुनाही निघतो.

बाहेर बघायचं तर ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्याने जमिनीच्या मालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी रोप उपटता येत नाही. अमेरिकेतल्या काही राष्ट्रीय वनांत ठरावीक फी भरून, ठरावीक झाडं खोदायचे परवाने मिळतात. अशी सोय आपल्याकडे व्हावी असं काही जण म्हणतात. परवाना आला की त्याच्या नावाखाली दहापट झाडं निघतील, असं दुसरे म्हणतात. दोघांचंही म्हणणं आपापल्या अनुभवातून आलेलं आहे.

कधी खोदावं

झाड कुठल्या ऋतूत हलवावं हा वाद बोन्सायहून कितीतरी जुना आहे, आणि त्यातला एक जुना साक्षीदार आमच्या शेजारचा आहे. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला. त्यात झाडं दुसरीकडे लावण्याचा काळ सांगितला आहे. ज्यांना फांद्या फुटलेल्या नाहीत ती शिशिरात, फांद्या असलेली हेमंतात, आणि ज्यांचं खोड चांगलं भरलेलं आहे ती पावसाच्या सुरुवातीला. हलवण्यापूर्वी मुळापासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यायलाही तो सांगतो. लेपाचं मी कधी करून पाहिलेलं नाही, पण तो वेळेचा भाग वाचला की वाटतं, हा माणूस माळव्यातल्याच मातीत उभा राहून बोलतो आहे.

कारण आजचे दोन पक्ष नेमके तिथेच भांडतात. एक पक्ष फेब्रुवारीचा. पानगळ झालेली, कळ्या अजून मिटलेल्या, झाड झोपेत असताना काढावं. जपानी आणि युरोपी पुस्तकं हेच शिकवतात. दुसरा पक्ष म्हणतो, फेब्रुवारीनंतर इथे काय येतं ते पुस्तकवाल्यांना ठाऊक नाही. मार्च, एप्रिल, मे. नव्या मुळांना जोर यायच्या आत लू सुरू होते. म्हणून जूनअखेर पाऊस लागला की काढावं, हवेतच पाणी असतं. वड-पिंपळांच्या कुळासाठी दुसरा पक्ष बरोबर आहे असं मला अनुभवाने वाटतं, आणि वराहमिहिरही जाड खोडासाठी तेच म्हणतो. मेंदी, बोगनवेल, घाणेरी यांनाही पाऊस मानवतो. बोर, आपटा यांच्याबाबत मात्र जाणते लोक आजही परस्परविरोधी अनुभव सांगतात. पळस, साग, मोह यांच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये, याबद्दल बहुतेकांचं एकमत दिसतं. त्यांचं सोटमूळ खोल जातं आणि बारीक मुळं खोडाजवळ फारशी नसतात.

पानं ठेवावीत की काढावीत हा दुसरा जुना झगडा. जुन्या माळ्यांचा हिशेब सरळ आहे. मुळं निम्मी गेली, तर वरचंही निम्मं कापा, नाहीतर पानं पाणी उडवतात. नवे लोक सांगतात की मूळ फुटायला लागणारं संप्रेरक शेंड्याकडच्या कोवळ्या कळ्यांतून खाली येतं, आणि अन्नही पानंच बनवतात, म्हणून सगळंच बोडकं करू नका. व्यवहारात दोघेही मधे कुठेतरी भेटतात. मोठी पानं अर्धी कातरायची, फांद्या थोड्या आखडायच्या, आणि वरून पारदर्शक पिशवी चढवून सावलीत ठेवायचं.

मातीवर मात्र आता फारसं दुमत उरलेलं नाही. माळव्याची काळी माती कुंडीत पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि नवी मुळं तोडते. पहिली दोन वर्षं जाड नदीची वाळू, विटांचे बारीक तुकडे, मुरूम आणि थोडं कोकोपीट. पसरट घमेल्याला बुडाशी भोकं पाडली तरी चालतं. जपानी ‘अकादामा’ मातीची पिशवी विकत घेणाऱ्याला आपण नावं ठेवू नयेत, पण नवशिक्याला तिची गरज नाही.

घाई नसणाऱ्यांसाठी आणखी एक रीत आहे, आणि तिला कुणाचाच विरोध नाही. झाड जागेवरच ठेवून पहिल्या वर्षी खोडाभोवती अर्ध्या वर्तुळात चर खणायचा, तिथली जाड मुळं छाटायची, चर वाळू-खताने भरायचा. दुसऱ्या वर्षी उरलेलं अर्धं. तिसऱ्या वर्षी उचलायचं. तोवर खोडाजवळ बारीक मुळांची जाळी झालेली असते. अट एवढीच की जमीन आपली हवी, किंवा मालक तीन वर्षं आपल्यावर विश्वास ठेवणारा हवा.

जगलं म्हणजे काय

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या झाडाचा पराभव बहुतेक इथे होतो. माझाही झाला.

एका पाडलेल्या आवारभिंतीतून, मालकाला विचारून, मी एक पाकर आणली होती. ओलं गोणपाट, स्कूटर, घमेलं, वाळू, पिशवी, सगळं रीतसर. तिसऱ्या आठवड्यात खोडाच्या कापाखालून लालसर कोंब आले. मग पानं. महिन्याभरात इतकी की मी भावाला फोन करून सांगितलं. सप्टेंबरात पिशवी काढून टाकली आणि दोन फांद्यांना तारही गुंडाळली. दिवाळीच्या आत पानं एकेक करून मलूल झाली, खोडाची साल नखाने खरवडली तर खाली हिरव्याऐवजी तपकिरी. घमेलं उलटं केलं. वाळू सुटी होऊन पडली आणि खोड स्वच्छ बाहेर आलं. मूळ एकही फुटलं नव्हतं.

झाडाने खोडात साठवलेल्या अन्नावर पानं काढली होती, एखाद्याने मुद्दल खाऊन थाट करावा तशी. पानं आली म्हणजे झाड जगलं असं नाही. भिंतीतून काढलेल्या झाडात हे जास्त होतं, कारण त्याची मुळं सांध्यात चपटी होऊन गेलेली असतात आणि काढताना तुटतात. आपल्या हातात येतो तो बहुधा मुळं नसलेला गड्डा. म्हणून मुरलेले लोक सांगतात, दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तार नको, खत नको, कुंडी बदलणं नको. दुसऱ्या उन्हाळ्यातून झाड निघालं की मगच ते आपलं. मधल्या काळात घमेल्याला हात लावायचा नाही, आणि हे न लावणं फार कठीण जातं.

सुटलेले धागे

इतकं मांडून झाल्यावरही काही गोष्टी तशाच राहतात. रानातून आणलेल्या झाडांपैकी किती जगतात, याची नोंद हौशी लोक ठेवत नाहीत. ठेवली तरी मेलेल्यांची कुणी सांगत नाही. प्रदर्शनात जगलेलं झाड येतं, त्याच्यासोबत खोदलेली बाकीची कुठे गेली ते पाटीवर नसतं. त्यामुळे ‘काळजी घेतली तर जगतात’ आणि ‘बहुतेक मरतात’ ही दोन्ही विधानं सारख्याच आत्मविश्वासाने केली जातात.

झाड कुठून आलं याचा पुरावा हा दुसरा धागा. भिंतीतला पिंपळ आणि कातळातला पिंपळ एकदा वाळूत बसले की वर्षभराने ओळखू येत नाहीत. चुन्याचे खडे झटकले जातात. विकणाऱ्याने सांगितलेलं आपण मानतो, किंवा मानत नाही. मंडळांनी प्रदर्शनातल्या पाटीवर झाडाच्या वयाबरोबर त्याची मूळ जागा लिहायला लावावी, अशी सूचना अधूनमधून येते. वय लिहिण्यात सगळ्यांना रस असतो, जागा लिहिण्यात कमी.

आणि भिंतीतल्या झाडांचं काय करायचं हे महापालिकेने, बांधकाम खात्याने, पुरातत्त्ववाल्यांनी कधी एकत्र बसून ठरवलेलं दिसत नाही. दर वर्षी ती तोडली जातात, दर वर्षी पाखरं नवी लावतात. ज्यांना ती नको आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत, ते दोघे एकाच शहरात राहून एकमेकांना ओळखत नाहीत.

त्या दिवशी मी हाटातलं खोड घेतलं नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा रोपवाल्याकडे गोणपाट होतं, खोड नव्हतं. कुणी नेलं विचारलं तर म्हणाला, एक मॅडम घेऊन गेल्या, पहिल्यांदाच लावतायत. जाताना त्यांनी विचारलं होतं, पाणी रोज घालायचं का. त्याने हो म्हणून सांगितलं होतं.